संगणक दुरुस्तीच्या पैशांवरून वाद झाला तर काय करावे

लॅपटॉप किंवा संगणक दुरुस्तीच्या पैशांवरून होणाऱ्या बहुतेक वादांत रक्कम किती, हा प्रश्न नंतरचा असतो. त्या रकमेला ग्राहकाने होकार कधी आणि कशाच्या आधारावर दिला, यावरच खरे भांडण असते. समजा, ठाण्यात नौपाड्यातील एका दुकानात ‘नो डिस्प्ले’ची, म्हणजे स्क्रीनवर काहीच दिसत नसल्याची, तक्रार असलेला लॅपटॉप येतो आणि तंत्रज्ञ वरवर पाहून ‘दीड हजारापर्यंत जाईल’ असे सांगतो. यंत्र उघडल्यावर मदरबोर्डच्या पॉवर सेक्शनमध्ये शॉर्ट सापडतो, बोर्ड चिप लेव्हलच्या (बोर्डवरील बारीक सुटे भाग दुरुस्त करण्याच्या) कामासाठी बाहेर पाठवावा लागतो, चार्जिंग जॅकही बदलावा लागतो आणि बिल ५,२०० रुपयांवर जाते. मधल्या काळात फोनवर ग्राहक ‘ठीक आहे, करून टाका’ एवढेच बोललेला असतो. तंत्रज्ञाच्या मते तो होकार ५,२०० रुपयांना होता, ग्राहकाच्या मते दीड हजारालाच, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. पुढील मजकूर या दोघांसाठीही आहे, आणि त्याचा बराचसा भाग बिल हातात पडण्याच्या आधीच्या टप्प्याविषयी आहे, कारण वाद तिथेच जिंकला किंवा हरला जातो.

यंत्र ताब्यात देताना

जॉबशीटशिवाय, म्हणजे यंत्र आणि तक्रार यांची नोंद असलेल्या कागदाशिवाय, यंत्र देऊ नये आणि घेऊही नये. दुकान लहान असेल आणि छापील जॉबशीट नसेल, तर व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश पुरतो. मात्र त्यात यंत्राचे मॉडेल, सिरियल नंबर, ग्राहकाने सांगितलेली तक्रार, बिजागरी तुटलेली किंवा स्क्रीनवर ओरखडे असल्यास त्याची नोंद, आणि सोबत चार्जर व बॅग दिली आहे की नाही, एवढे आलेच पाहिजे. रॅम (तात्पुरती स्मृती) आणि एसएसडी (डेटा साठवणारा भाग) यांच्याबाबत विशेष काळजी घ्यावी. ‘माझी सोळा जीबी रॅम होती, परत आली तेव्हा आठच निघाली’ ही तक्रार दुरुस्तीच्या क्षेत्रात जुनी आहे आणि ती खरी की खोटी हे नंतर ठरवणे जवळजवळ अशक्य असते. यंत्र सुरू होत असेल तर सेटिंगमधील माहितीच्या पानाचा फोटो घ्यावा. सुरूच होत नसेल तर ग्राहकासमोर मागचे झाकण उघडून रॅमच्या पट्टीवरील आणि एसएसडीवरील लेबलांचा फोटो काढावा आणि तो त्याच क्षणी एकमेकांना पाठवावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि जो तंत्रज्ञ ते स्वतःहून करतो त्याच्याकडे ग्राहक पुन्हा येतो.

पैशांबाबत तीन आकडे वेगवेगळे लिहावेत. पहिला, तपासणीचे शुल्क, जे दुरुस्ती झाली नाही किंवा ग्राहकाने ती नको म्हटली तरी द्यावे लागेल. दुसरा, दुरुस्तीचा प्राथमिक अंदाज. तिसरा, ती मर्यादा, जिच्यापुढे विचारल्याशिवाय जायचे नाही. आपल्याकडे दुसरा आकडा तोंडी सांगितला जातो, पहिला लपवला जातो आणि तिसऱ्याचा कोणी उच्चारही करत नाही. तपासणीच्या शुल्काविषयी तंत्रज्ञांना संकोच वाटतो, कारण शेजारचे दुकान ‘चेकिंग फुकट’ असा फलक लावून बसलेले असते. पण बोर्डवरील दोष शोधण्यातच निम्मे कौशल्य खर्च होते आणि त्याचे मोल मागण्यात गैर काही नाही. गैर एवढेच, की ते आधी सांगायचे नाही आणि नंतर बिलात घालायचे.

पाणी गेलेल्या यंत्राच्या बाबतीत आणखी एक ओळ लिहून घ्यावी. पावसाळ्यात असे लॅपटॉप सर्रास येतात; त्यांचा बोर्ड आतून गंजलेला असतो, आणि जे यंत्र कसेबसे सुरू होत होते ते उघडून साफ केल्यावर कायमचे बंद पडू शकते. ही शक्यता ग्राहकाला आधी सांगितली नसेल, तर ‘आणले तेव्हा चालू होते’ या वाक्याला तंत्रज्ञाकडे उत्तर नसते. डेटाचेही तसेच आहे. बॅकअप कोणी घ्यायचा, फॉरमॅट करायला परवानगी आहे का, हे लिहावे. ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे खाली बारीक अक्षरांत छापलेले असले, तरी निष्काळजीपणा त्यातून माफ होतो असे समजू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेणे बंधनकारक आहे.

खर्च वाढला तर

काम थांबवावे आणि लेखी विचारावे. फोनवर बोलणे झाले तरी त्यानंतर लगेच संदेश पाठवावा, तो साधारण असा असावा: ‘नमस्कार. आपल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्ये पॉवर सेक्शनला शॉर्ट आहे. बोर्डचे काम ३,६०० रुपये, चार्जिंग जॅक ९०० रुपये, मजुरी ७०० रुपये, एकूण ५,२०० रुपये. बोर्डच्या कामाला तीन महिन्यांची वॉरंटी मिळेल. दुरुस्ती नको असल्यास तपासणीचे ठरलेले ४०० रुपये देऊन यंत्र परत नेता येईल. आपला होकार आल्यावरच काम सुरू करतो.’ ग्राहकाने ‘मान्य आहे’ असे उत्तर दिले की वादाचे मूळच उरत नाही. नुसत्या निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे, हे तंत्रज्ञांनी ध्यानात ठेवावे; आणि असा संदेश वाचून गप्प राहायचे व बिल आल्यावर आश्चर्य दाखवायचे, हे ग्राहकांनी करू नये.

सुटा भाग नवा आहे, जुन्या यंत्रातून काढलेला आहे की दुसऱ्या कंपनीचा चालणारा आहे, हेही त्याच संदेशात यावे. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, एकाच मॉडेलची बॅटरी अनेक भावांत मिळते, आणि ग्राहक इंटरनेटवर नेमका सर्वांत स्वस्त भाव पाहून आलेला असतो. काढलेला जुना भाग परत मागण्याची सवय ग्राहकांनी लावून घ्यावी. तो बदलीत जमा केला असेल तर बिलात तसे दिसले पाहिजे.

बिल मागितल्यावर ‘जीएसटी लावून हवे का?’ असा प्रतिप्रश्न येतो, तेव्हा गोंधळू नये. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही, आणि साधे बिल मात्र प्रत्येकाने द्यायचे असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

पैसे मिळेपर्यंत यंत्र अडवून ठेवता येते का?

येते, पण लोक समजतात तेवढे सरसकट नाही. करार अधिनियमाच्या कलम १७० नुसार, ज्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले ती वस्तू मोबदला मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा हक्क कारागिराला आहे, अर्थात करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर. कायद्याने याच्यासाठी शिंप्याचे उदाहरण दिले आहे: कोट शिवून होताच द्यायचा आणि पैशांसाठी तीन महिन्यांची मुदत द्यायची असे शिंप्याने कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. तंत्रज्ञालाही हेच लागू होते. उधारी मान्य केली की अडवण्याचा हक्क गेला.

हा हक्क त्याच वस्तूच्या त्याच कामापुरता असतो. गेल्या वर्षीच्या प्रिंटरचे पैसे बाकी आहेत म्हणून आज दुरुस्तीला आलेला लॅपटॉप रोखून धरता येत नाही. ग्राहकाने मान्यच न केलेल्या कामाच्या पैशांसाठीही हा हक्क सांगणे अवघड आहे; म्हणून वरच्या उदाहरणातील तंत्रज्ञाकडे लेखी होकार नसेल, तर त्याची बाजू दीड हजारापुरतीच भक्कम राहते. शिवाय ताब्यात ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. ‘तीस दिवसांत न नेल्यास यंत्र भंगारात देण्यात येईल’ अशा फलकांवर विसंबून यंत्र विकणारा किंवा त्याचे भाग काढून वापरणारा तंत्रज्ञ स्वतःच अडचणीत येतो.

यंत्र परत दिले की हा हक्क संपतो. त्यानंतर काही जण दूरस्थ जोडणीने पासवर्ड बदलून ठेवण्याची किंवा यंत्र लॉक करण्याची शक्कल लढवतात. असे कदापि करू नये. अधिकृत वापरकर्त्याचा त्याच्याच संगणकावरील प्रवेश परवानगीशिवाय रोखणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ खाली येते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले असल्यास कलम ६६ नुसार गुन्हा ठरतो. दोन हजारांच्या बाकीसाठी ही जोखीम घेणे शुद्ध अविचार आहे.

ग्राहकाला यंत्राची तातडीने गरज असेल, समजा मुलाची परीक्षा किंवा कार्यालयाचे काम अडले असेल, तर सर्वांत व्यवहार्य मार्ग असा की पूर्ण रक्कम द्यावी, पण बिलावर आणि संदेशात ‘३,७०० रुपयांबाबत आक्षेप राखून रक्कम देत आहे’ असे लिहावे. मग यंत्रही हाती येते आणि भांडण्याचा हक्कही शाबूत राहतो.

वाद कसा मांडावा

संपूर्ण बिल नाकारणे ही ग्राहकांची मोठी चूक असते. बिलातील मान्य भाग आणि वादातील भाग वेगळे करावेत, मान्य रक्कम लगेच यूपीआयने पाठवावी आणि उरलेल्या रकमेबद्दलचे कारण दोन वाक्यांत लिहावे. अर्धे पैसे हातात पडले की समोरच्याचा सूर बदलतो, आणि पुढे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच तर आपला हेतू पैसे बुडवण्याचा नव्हता हे दिसते. तंत्रज्ञाने यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर न जाता बँक खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी, कारण बनावट स्क्रीनशॉट तयार करणे आता पोरखेळ झाले आहे.

संदेश पुसू नयेत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्र जोडल्यास व्हॉट्सअॅपवरील संभाषण पुरावा म्हणून दाखल करता येते. कामाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर यंत्र लगेच दुसऱ्याकडून उघडून घेऊ नये. आधी पहिल्या तंत्रज्ञाला लेखी कळवून दुरुस्त करण्याची एक संधी द्यावी. दुसऱ्याने हात लावल्यावर दोष कोणाचा हे सांगणे कठीण होते आणि वॉरंटीही हातची जाते.

दाद कुठे मागावी

ग्राहकाने प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. दुरुस्तीसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे करता येते. इथे नवी मुंबईकरांचा हमखास गोंधळ होतो. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे आणि पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात आहेत, त्यामुळे तिथल्या रहिवाशाला अलिबागच्या आयोगाचा विचार करावा लागतो. यंत्र व्यावसायिक कामासाठीचे असेल तर ‘ग्राहक’ या व्याख्येतूनच माणूस बाहेर पडू शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला मात्र त्यातून सूट आहे.

तंत्रज्ञ हा ग्राहक नसल्यामुळे बाकी वसूल करण्यासाठी त्याला ग्राहक आयोग उपयोगाचा नाही. त्याने आधी स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवावे. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षे असते, आणि मुदतीच्या आत ग्राहकाने बाकी असल्याचे सहीनिशी लिहून दिले तर ती नव्याने मोजली जाते. चेक वटला नसेल तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. पोलीस ठाण्यात मात्र बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ हेच उत्तर मिळते, आणि ते बरोबर असते.

वागळे इस्टेट किंवा महापे येथील कंपन्यांची देखभालीची कामे घेणाऱ्या लहान व्यावसायिकांनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) काम घेण्याच्या आधीच करून ठेवावी. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कंपनीला कामाबद्दल आक्षेप असेल तर तो १५ दिवसांत लेखी नोंदवायचा असतो. सहा महिन्यांनी ‘तेव्हा काम नीट झालेच नव्हते’ असे सांगणाऱ्या लेखा विभागाला हे कलम दाखवावे.

पाच-सात हजारांच्या वादासाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो लोकअदालतीचा मार्ग. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही देता येते, आणि दोघांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही.

तडजोड दुकानातच झाली तर तीही कागदावर घ्यावी. ‘५,२०० रुपयांच्या बिलापोटी ३,८०० रुपये पूर्ण व अंतिम रक्कम म्हणून मिळाले, उर्वरित मागणी नाही, बोर्डच्या कामाची वॉरंटी अमुक तारखेपर्यंत कायम’ एवढा मजकूर, दोघांच्या सह्या आणि तारीख पुरे. वॉरंटीचा उल्लेख ग्राहकाने आग्रहाने करून घ्यावा, कारण बिलात सूट मिळाली की वॉरंटी संपली असे बरेच दुकानदार धरून चालतात. सही करण्यापूर्वी चार्जर लावून यंत्र सुरू करून पाहावे आणि रॅम व एसएसडी पहिल्या दिवशीच्या फोटोशी ताडून घ्याव्यात.