रुग्ण गावी गेला, पुढे कळलं नाही: सर्व्हायव्हल ॲनालिसिस कसं करायचं

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारे कितीतरी जण मुंबईचे नसतात. कोकणातून, खानदेशातून, थेट बिहारमधून येतात आणि उपचार संपले की गावी परततात. दोन वर्षांनी प्रबंधासाठी अशा रुग्णांचे केसपेपर काढले, की काहींचा शेवटच्या तपासणीनंतर पत्ताच नसतो. रुग्ण किती काळ जगले याचा हिशेब, म्हणजे सर्व्हायव्हल ॲनालिसिस, करताना त्यांना यादीतून काढलं तरी उत्तर चुकतं, जिवंत धरलं तरी चुकतं. ते जितके दिवस नजरेसमोर होते तितकेच दिवस हिशेबात घ्यायचे, यालाच सेन्सॉरिंग म्हणतात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर ठरवा: घड्याळ कधी सुरू होतं, कोणती घटना मोजायची आणि माहिती कोणत्या तारखेला गोठवायची. सुरुवात सगळ्यांची एकच हवी. काहींची बायॉप्सीपासून आणि काहींची ऑपरेशनपासून धरली, तर आकड्यांना अर्थ उरत नाही. घटना म्हणून 'कोणत्याही कारणाने मृत्यू' घेणं सर्वांत निर्धोक, कारण मृत्यूचं नेमकं कारण कागदावर बऱ्याचदा मोघम असतं.

एक्सेलमध्ये प्रत्येक रुग्णाला एक ओळ: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि स्थिती (मृत्यू १, नाहीतर ०). जिवंत रुग्णाची शेवटची तारीख म्हणजे तो जिवंत असल्याचं ज्या दिवशी खात्रीने कळलं तो दिवस. तुम्ही फाईल उघडली तो नव्हे. तारखा २०२२-०८-०५ अशा लिहा. ०५/०८/२०२२ हे एका संगणकावर ५ ऑगस्ट असतं आणि दुसऱ्यावर ८ मे. मग कालावधी उणे येणाऱ्या ओळी शोधा, हमखास दोन-चार सापडतात.

मृत्यूचा शोध घेताना इथे एक सापळा आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. चिपळूणला वारलेला माणूस मुंबई महापालिकेच्या नोंदीत सापडणार नाही. त्यामुळे 'पालिकेत नाव नाही, म्हणजे जिवंत' हा तर्क सोडून द्या. फोन करा आणि सगळ्यांना करा. नातेवाईक मृत्यूची बातमी आपणहून कळवतात, 'बरा आहे' हे कोणी कळवत नाही. मग मृत्यू आजपर्यंतचे आणि जिवंत मात्र मागच्या वर्षीच्या तपासणीपर्यंतचे, असा हिशेब होतो आणि जगण्याचा आलेख आहे त्याहून वाईट दिसतो. गोठवलेल्या तारखेनंतरचे मृत्यूही मोजू नका.

आता कॅप्लान-मायर, म्हणजे किती महिन्यांनी किती रुग्ण जिवंत आहेत हे सेन्सॉरिंग धरून काढण्याची पद्धत. १९५८ सालची ही पद्धत एकदा हाताने करूनच पाहा. दहा रुग्ण, कालावधी महिन्यांत, अधिक चिन्ह म्हणजे सेन्सॉर:

२, ३+, ५, ५+, ८, ९+, ११, १४, १६+, २०+

प्रत्येक मृत्यूच्या वेळी किती जण अजून नजरेसमोर आहेत ते मोजा आणि वाचलेल्यांचं प्रमाण आधीच्या आकड्याला गुणा:

२ महिने: ९/१० = ०.९००
५ महिने: ०.९०० × ७/८ = ०.७८८
८ महिने: ०.७८८ × ५/६ = ०.६५६
११ महिने: ०.६५६ × ३/४ = ०.४९२
१४ महिने: ०.४९२ × २/३ = ०.३२८

पाचव्या महिन्यात मृत्यू आणि सेन्सॉर दोन्ही आहेत. तिथे मृत्यू आधी धरतात, म्हणून सेन्सॉर झालेला रुग्ण त्या आठांत मोजला आहे. आलेख ०.५ च्या खाली ११ व्या महिन्यात जातो, म्हणून मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण वारलेले असतात तो काळ, ११ महिने. सेन्सॉर झालेले पाच जण वगळून फक्त मृतांचा मध्यक काढला असता, तर ८ आला असता.

पण ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: जो निघून गेला त्याचा धोका राहिलेल्यांइतकाच होता. आपल्याकडे नेमकं इथेच बिनसतं. 'आता घरीच न्या' असं सांगितल्यावर गावी गेलेला रुग्ण आणि नोकरीमुळे न आलेला रुग्ण सारखे नसतात. पहिले जास्त असले, तर आलेख आहे त्याहून चांगला दिसतो. यावर कोणतीही टेस्ट नाही. दोन टोकं मात्र तपासता येतात. समजा ३+ आणि ९+ हे दोघेच बेपत्ता आहेत, बाकीच्यांचा अभ्यास ठरल्याप्रमाणे संपला. दोघं त्याच महिन्यात वारले असं धरलं तर मध्यक ९ महिने येतो. दोघं २० महिन्यांपर्यंत जिवंत होते असं धरलं तर १४. अहवालात ११ च्या शेजारी हे दोन्ही आकडे द्या. शेवटच्या भेटीच्या वेळची रुग्णाची अवस्थाही नोंदवा.

आलेखाखाली 'नजरेसमोर किती' ही ओळ हवीच. शेवटी दोन-तीनच रुग्ण उरले असताना दिसणारी सपाट रेघ म्हणजे 'बरे झाले' नव्हे.

दोन गटांच्या आलेखांची तुलना लॉग-रँक टेस्टने करा. दोन्ही आलेख एकमेकांना छेदत असतील तर ती फरक दडपते. तेव्हा ठरावीक काळापर्यंतचं सरासरी जगणं गटागटाने काढून तुलना करा. 'केमोथेरपीच्या सहाही सायकल पूर्ण केलेले' विरुद्ध 'न केलेले' ही तुलना मात्र करूच नका. सहा सायकल पूर्ण करायला तितके महिने जगावंच लागतं, म्हणून तो गट आयताच जिंकतो. करायचीच असेल, तर सहाव्या महिन्याला जिवंत असलेल्यांपासूनच घड्याळ सुरू करा.

वय, स्टेज वगैरे एकत्र तपासायला कॉक्स मॉडेल, १९७२ सालचं. एका घटकामागे साधारण दहा मृत्यू हवेत. ३० मृत्यूंवर आठ घटक घातले, की आकडे कुठेही भरकटतात. हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या त्या-त्या क्षणीच्या धोक्यांचं गुणोत्तर) ०.७ आला, तर 'त्या-त्या क्षणी मृत्यूचा धोका ३० टक्के कमी' असं लिहा. 'आयुष्य ३० टक्के वाढलं' असा त्याचा अर्थ नाही. हे प्रमाण सगळा काळ सारखं राहतं, असं मॉडेल मानून चालतं. ते तपासायला शोनफेल्ड रेसिड्युअल्स (प्रत्येक मृत्यूच्या वेळी मॉडेलच्या अंदाजापासून पडलेला फरक) काळासमोर मांडा. रेघ स्पष्ट चढती किंवा उतरती दिसली, तर त्या घटकाने गट पाडून मॉडेल पुन्हा चालवा.

किती रुग्ण लागतील हे मृत्यूंच्या संख्येवर ठरतं. दोन समान गटांत ०.७ हा रेशो ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के दुतर्फा पातळीवर (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) पकडायला सुमारे २४७ मृत्यू हवेत, ०.५ ला ६६ पुरतात. प्रोटोकॉल लिहितानाच हा हिशेब करा, आणि त्याच दिवशी फॉर्मवर गावाकडच्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर लिहायला एक रकाना वाढवा.