मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्चचे वय ठरवताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एखाद्या गावाचे जुने पॅरिश चर्च, म्हणजे त्या परिसरातल्या लोकांचे नेहमीच्या उपासनेचे चर्च, केव्हाचे, असे विचारले की बहुतेक वेळा उत्तरादाखल एकच शतक पुढे केले जाते आणि अभ्यासाची दिशा तिथेच चुकते. ही चर्चे क्वचितच एका आराखड्याबरहुकूम, एका दमात उभी राहिली. ज्या पिढीच्या हाती पैसा आला तिने एखादी भिंत पाडली, बाजूला एक दालन वाढवले, छप्पर उंच केले आणि उरलेले तसेच ठेवले. म्हणून कोणता भाग कोणत्या भागाच्या आधीचा, हे विचारत पुढे जावे लागते.

सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे खिडकीवरून भिंतीचे वय ठरवणे. भिंत नव्याने बांधण्यापेक्षा खिडकी बदलणे स्वस्त पडे, शिवाय उजेड वाढे आणि रंगीत काचचित्रांना जागा मिळे. त्यामुळे बाराव्या शतकातल्या जाड भिंतीत पंधराव्या शतकातली रुंद खिडकी सर्रास आढळते. चौकटीचे दगड आजूबाजूच्या थरांशी जुळतात की थर तोडून मागाहून बसवलेले दिसतात, हे आधी पाहावे. त्याच भिंतीत बुजवलेल्या, अर्धगोल माथ्याच्या अरुंद खिडकीची कड दिसली, तर भिंतीविषयी तिची साक्ष जास्त मोलाची.

शैलीच्या नावांना दिनदर्शिका मानणे ही दुसरी चूक. थॉमस रिकमन या इंग्लिश वास्तुरचनाकाराने १८१७ मध्ये इंग्लिश वास्तुशैलींची नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि परपेंडिक्युलर अशी काळाच्या क्रमाने विभागणी मांडली, ती आजही उपयोगी आहे. परंतु त्याने परपेंडिक्युलरचा आरंभ १३७७ पासून धरला होता आणि ग्लॉस्टरच्या मठ-चर्चच्या दक्षिण बाहूत त्या शैलीची लक्षणे १३३० च्या दशकातच दिसतात. मोठ्या मठातली नवी रीत खेड्यातल्या गवंड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागे, आणि पोहोचल्यावरही जुनी रीत लगेच सुटत नसे. शैलीवरून फार तर काही दशकांचा पट्टा मिळतो, हे मनाशी धरून चालावे.

इमारत कशी वाढली याचा ठरीव साचा मनात धरून जाणे मला याहूनही घातक वाटते. आधी मधले सभादालन म्हणजे नेव्ह, मग पूर्वेला वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल, आणि शेवटी पश्चिमेला मनोरा, असा क्रम गृहीत धरला जातो. लिंकनशायरमधील बार्टन-अपॉन-हंबर येथील सेंट पीटर्स चर्च हा क्रम पार उलटा करते. तिथल्या मनोऱ्याच्या खालच्या टप्प्यांवर दगडी पट्ट्यांची नक्षी आहे, खाली अर्धगोल कमानी आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथ्यांची रांग. सर्वांत वरचा घंटेचा टप्पा मात्र वेगळ्या घडणीचा आहे. वरचा टप्पा नॉर्मन धाटणीचा असेल, तर त्याला पेलणारा खालचा भाग त्याहून जुना असलाच पाहिजे, हा युक्तिवाद रिकमननेच १८१९ मध्ये केला आणि १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचे, म्हणजे अँग्लो-सॅक्सन, बांधकाम ओळखण्याची एक भक्कम वाट त्यातून मिळाली. पुढे १९७८ ते १९८४ या काळात झालेल्या उत्खननात आजच्या नेव्हच्या फरशीखाली लहानशा मूळ चॅन्सेलचा पाया सापडला. म्हणजे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोऱ्याचा तळमजला हेच चर्चचे मुख्य दालन होते, पूर्वेला चॅन्सेल होते, पश्चिमेला आजही उभी असलेली छोटी खोली होती, आणि आपल्याला मुख्य वाटणारा सगळा विस्तीर्ण भाग नंतरचा आहे. मनोऱ्याची पूर्वेकडची बाजू नेव्हच्या आतून पाहिल्याशिवाय अशा चर्चविषयी काही ठरवू नये; पाडलेल्या छपराची तिरकी रेघही अनेक ठिकाणी तिथेच उमटलेली असते.

भव्य नेव्हला साधेसे चॅन्सेल जोडलेले दिसले, तर गवंड्यांचे कसब घटले असा निष्कर्ष काढला जातो. कारण बहुधा पैशाचे असते. तेराव्या शतकापासून रूढ झालेल्या नियमानुसार चॅन्सेलची डागडुजी रेक्टरकडे, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या हक्कदाराकडे, आणि नेव्हची गावकऱ्यांकडे असे. रेक्टरपद अनेकदा दूरच्या एखाद्या मठाकडे गेलेले असायचे आणि त्या मठाला इथे खर्च करण्याची निकड नसायची. गावकऱ्यांकडे मात्र लोकरीच्या व्यापाराचा पैसा आला की नेव्ह उंच होई, खिडक्या रुंद होत.

एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराकडे दुर्लक्ष केल्यास दोन्ही बाजूंनी फसगत होते. नवे कोरीवकाम मध्ययुगीन वाटते आणि खरोखर जुनी भिंत नवी ठरते. एसेक्समधील रिव्हनहॉलचे चर्च त्या शतकात गिलाव्याने असे मढवले गेले की त्याला कोणी जुने मानीत नसे. १९७० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा गिलाव्याखाली अँग्लो-सॅक्सन भिंती निघाल्या. आतून उघड्या दगडांची भिंत दिसली, तर तेच तिचे मूळ रूप असेही समजू नये. मध्ययुगात आतल्या भिंती गिलावा करून रंगवलेल्या असत. व्हिक्टोरियन काळात अनेक ठिकाणी तो गिलावा खरवडला गेला आणि त्याबरोबर चित्रेही गेली. असल्या खरवडण्याविरुद्धच विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. आपल्याकडच्या वाचकाने इथे विशेष सावध राहावे, कारण १८५८ मध्ये प्रतिष्ठापना झालेले कुलाब्याचे अफगाण चर्च पाहून नजरेला जे मध्ययुगीन रूप सवयीचे होते, ते व्हिक्टोरियन कल्पनेतले, आरंभापासून एकसंध आखलेले आहे.

चॅन्सेल नेव्हच्या रेषेत नसून किंचित कललेले दिसले की ते वधस्तंभावरील येशूच्या कललेल्या मस्तकाचे प्रतीक आहे, असे हमखास सांगितले जाते. दोन भाग वेगवेगळ्या काळी बांधताना, मध्ये जुनी इमारत उभी असताना, रेषा चुकणे स्वाभाविक होते. कललेला कोन हा बहुधा टप्प्यांचाच पुरावा असतो.

साहित्याचे वय आणि इमारतीचे वय यांचीही गल्लत होते. नॉर्दॅम्प्टनशायरमधील ब्रिक्सवर्थच्या कमानींत रोमन विटा आहेत, पण कमानी अँग्लो-सॅक्सन आहेत. ग्रीनस्टेडच्या चर्चमधील उभे ओकचे ओंडके एके काळी नवव्या शतकातले मानले जात. १९९० च्या दशकातील वृक्षवलय-मापनाने, म्हणजे लाकडातली वार्षिक वलये मोजून काळ ठरवण्याच्या पद्धतीने, ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे आणले.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई नडते. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, गावात धर्मगुरू असल्याचा उल्लेख असला, तर त्यावरून आज उभ्या असलेल्या भिंतींचा काळ ठरत नाही, आणि उल्लेख नसला म्हणून चर्च नव्हते असेही होत नाही. लाउथच्या सेंट जेम्स चर्चचा सुळका १५०१ ते १५१५ दरम्यान उभा राहिला, हे तिथल्या हिशेबवहीमुळे नेमके सांगता येते. असे भाग्य फार थोड्या चर्चांना लाभले आहे. एरवी हाती येतात ती मृत्युपत्रे, आणि त्यांत मनोऱ्यासाठी ठेवलेली रक्कम काम सुरू होण्याआधीची, चालू असतानाची किंवा कधीच खर्च न झालेलीही असू शकते.