डीएचसीपीवरून सर्व्हर उभे करताना या चुका टाळा

नवा सर्व्हर नेटवर्कवरून बूट होत नाही असे दिसले, की बहुतेक जण आधी डीएचसीपी (मशीनना आपोआप नेटवर्क पत्ता आणि बूट फाइलचे नाव देणारी पद्धत) सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल उघडतात आणि अंदाजाने त्यात बदल करू लागतात. पहिली चूक हीच. पत्ता मिळण्यासाठी डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि अ‍ॅक असे चार संदेश यूडीपीच्या ६७ आणि ६८ या पोर्टांवरून जातात, आणि टीसीपीडंप (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारे साधन) लावला की त्यांतला नेमका कोणता संदेश अडला ते दोन मिनिटांत कळते. डिस्कव्हर सर्व्हरपर्यंत पोहोचतच नसेल, तर दोष केबल, व्हीएलएएन (स्विचवर वेगळे केलेले आभासी नेटवर्क) किंवा रिलेमध्ये (नेटवर्कच्या दुसऱ्या भागात संदेश पोहोचवणाऱ्या मध्यस्थात) शोधावा. तो पोहोचूनही ऑफर निघत नसेल, तर बहुधा त्या सबनेटची (नेटवर्कच्या त्या भागाची) नोंद नाही किंवा पत्त्यांचा पूल संपलेला आहे. चारही संदेश पूर्ण होऊन मशीन पुढे अडत असेल, तर डीएचसीपीला हात न लावता बूट फाइल पुरवणाऱ्या टीएफटीपीकडे आणि वाटेतल्या फायरवॉलकडे वळावे.

ब्रॉडकास्ट, म्हणजे सबनेटमधल्या सर्वांना उद्देशून पाठवलेला डिस्कव्हरसारखा संदेश, राउटर ओलांडत नाही, म्हणून वेगळ्या सबनेटमधल्या मशीनसाठी रिले लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र रिले डिस्कव्हरमध्ये आपल्या इंटरफेसचा पत्ता घालून पाठवतो आणि त्याच पत्त्यावरून सर्व्हर सबनेट निवडतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्या पत्त्याकडे परत जाणारा रूट सर्व्हरकडे नसेल, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑफर पाठवल्याची नोंद दिसते आणि मशीनला मात्र काहीच मिळत नाही.

‘पहिल्यांदा पत्ता मिळाला नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर मिळाला’ अशी तक्रार आली, तर स्विच तपासावा. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले फेरे टाळणारी सोय) चालू असलेला पोर्ट लिंक आल्यावर साधारण १५ अधिक १५ असे ३० सेकंद रहदारी पुढे सोडत नाही, आणि तोवर मशीनमधल्या फर्मवेअरने (बूट सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने) नाद सोडलेला असू शकतो. सर्व्हर जोडलेले पोर्ट एज पोर्ट, म्हणजे ही वाट न पाहणारे पोर्ट, म्हणून ठेवावेत. पोर्ट एलएसीपीच्या (अनेक पोर्ट एकत्र बांधण्याच्या पद्धतीच्या) जोडगोळीत असतील, तर फर्मवेअरला सहसा एलएसीपी बोलता येत नाही. तेव्हा स्विचवर फॉलबॅकची, म्हणजे एलएसीपीशिवायही पोर्ट चालू ठेवण्याची, सोय चालू करावी.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक मशीनच्या ओळखीबाबतची आहे. आपण मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावर) आरक्षण करतो आणि सर्व्हर मशीनला मॅकवरूनच ओळखणार असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात क्लायंटने क्लायंट आयडेंटिफायर, म्हणजे पर्याय ६१, पाठवला तर लीजची (ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या पत्त्याची) नोंद त्याच्या आधारे होते. फर्मवेअर एक ओळख सांगते, त्याच मशीनवर चालू झालेला इन्स्टॉलर दुसरीच सांगतो, आणि एका मशीनच्या नावावर दोन लीज चढतात. एकदा २० सर्व्हरसाठी मी २५ पत्त्यांचा पूल ठेवला होता आणि तो पुरेसा आहे याची मला खात्री होती. तेरावे मशीन इन्स्टॉलरपर्यंत पोहोचले, पण त्याला दुसरा पत्ता मिळाला नाही. लीजची यादी उघडल्यावर प्रत्येक मॅक दोनदा दिसला. तेव्हापासून मी उभारणीच्या काळात पूल मशीनसंख्येच्या तिप्पट ठेवतो आणि लीजची मुदत कमी ठेवतो.

याच दोषाचे दुसरे रूप क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसते. लिनक्समधला सिस्टिमडी-नेटवर्कडी हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम आपली ओळख मशीन-आयडी या फाइलवरून तयार करतो. मूळ इमेजमधला मशीन-आयडी रिकामा न करता प्रती काढल्या, तर मॅक वेगळे असूनही दोन मशीनना एकच पत्ता मिळू शकतो आणि एसएसएच जोडणी कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे जाते. इमेज गोठवण्यापूर्वी ती फाइल रिकामी करावी, किंवा नेटप्लॅनमध्ये (उबुंटूतल्या नेटवर्क सेटिंगमध्ये) ओळखीसाठी मॅकच वापरण्यास सांगावे. आरक्षणासाठी मॅक टिपतानाही तो बूट होणाऱ्या पोर्टचाच आहे याची खात्री करावी. पेटीवरच्या लेबलवरचा मॅक अनेकदा व्यवस्थापन पोर्टचा असतो.

बूट फाइलच्या बाबतीत सर्वांना एकच नाव देणे चुकीचे आहे. क्लायंट पर्याय ९३ मध्ये आपला प्रकार सांगतो, जुन्या बायॉससाठी ० आणि ६४-बिट यूईएफआयसाठी सहसा ७. त्यानुसार फाइल निवडावी. आयपीएक्सई हा नेटवर्कवरून उतरणारा बूट प्रोग्राम वापरत असाल, तर त्याची विनंती यूजर क्लास या पर्यायावरून वेगळी ओळखून तिला स्क्रिप्ट द्यावी, अन्यथा आयपीएक्सई पुन्हा स्वतःलाच उतरवत बसते.

आता जी चूक डेटा पुसते, तिच्याविषयी. बूट क्रमात नेटवर्क पहिले असेल आणि सर्व्हर प्रत्येक मशीनला इन्स्टॉलरच देत असेल, तर इन्स्टॉलेशन संपून रीबूट होताच तेच मशीन पुन्हा पुसले जाते आणि हे चक्र थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे अनेक महिने नीट चाललेले मशीन एखाद्या साध्या रीबूटनंतर कोरे होते. म्हणून ‘स्थानिक डिस्कवरून बूट हो’ हेच सर्वांसाठीचे मूळ उत्तर असावे, इन्स्टॉलर फक्त नाव घेऊन परवानगी दिलेल्या मशीनलाच मिळावा, आणि इन्स्टॉलरने काम संपताच सर्व्हरला कळवून ती परवानगी स्वतःच काढून घ्यावी.