पेसमेकर असलेल्या रुग्णाचा इको करताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांतल्या बहुतेकांचा पेसमेकर बसतो नागपुरात आणि पुढचे इको (हृदयाची सोनोग्राफी) होतात तालुक्याला, नाहीतर शिबिरात. जुना रिपोर्ट घरीच राहिलेला असतो. मग ‘ईएफ ४० टक्के’ (ईएफ म्हणजे डावा खालचा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो) एवढंच लिहून रुग्णाला परत पाठवलं जातं. मोजलेला ठोका पेसमेकरचा होता की हृदयाचा स्वतःचा, हे त्या कागदावर नसेल तर आकडा निरुपयोगी आहे.

पहिली चूक, इको करताना ईसीजीच्या तारा न जोडणं. बायपोलर पेसिंगचा (दोन्ही ध्रुव तारेच्या टोकाशीच असलेल्या पेसमेकरचा) स्पाइक, म्हणजे ईसीजीवरची उभी रेघ, इतका बारीक असतो की अनेकदा दिसतच नाही, म्हणून क्यूआरएस (खालचे कप्पे आकुंचन पावतानाची ईसीजीवरची लाट) रुंद आहे का तेही बघा. दोन्ही प्रकारचे ठोके मिसळलेले असतील तर वेगवेगळे मोजा. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडणं) असेल तर किमान ५ ठोक्यांची सरासरी घ्या. इलेक्ट्रोड पेसमेकरच्या खिशावर (त्वचेखाली तो बसवलेल्या जागेवर) चिकटवू नका.

हृदयाच्या मधल्या पडद्याची हालचाल पाहून ‘अटॅक येऊन गेला’ असं लिहिणं. ही चूक सर्रास होते आणि गरीब माणसाला विनाकारण अँजिओग्राफीच्या खर्चात पाडते. लीड (पेसमेकरची तार) उजव्या खालच्या कप्प्यात असते, त्यामुळे मधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि डावी बाहेरची भिंत मागून येते. पडदा उलटसुलट हलतो तो यामुळे. हालचालीपेक्षा जाडी बघा. पेसिंगमध्ये पडदा जाड होणं थोडं कमी किंवा उशिरा दिसेल. पण तो पातळ, पांढरट आणि अजिबात जाड न होणारा असेल तरच जुन्या अटॅकची शंका रास्त. याच कारणाने एम-मोडवरून (एकाच रेषेवरच्या मापावरून) ईएफ काढू नका. चार आणि दोन कप्प्यांच्या व्ह्यूमधून सिम्पसन पद्धतीने (कप्प्याचं आकारमान मोजून) काढा, आणि चित्रात हृदयाचं टोक कापलं जात नाही ना, ते तपासा.

पेसमेकर बसवण्याआधी ईएफ चांगला होता आणि आता १० अंकांनी घसरून ५० च्या खाली गेला, तर सततच्या पेसिंगमुळे स्नायू थकल्याची शंका घ्या. पेसिंग किती टक्के होतंय हे इकोत कळत नाही, त्यासाठी प्रोग्रामरवर (पेसमेकर तपासायच्या यंत्रावर) तपासणी हवी. ते २० टक्क्यांहून जास्त निघालं, दुसरं कारणही सापडलं नाही, तर सीआरटीसारखा (दोन्ही खालचे कप्पे एकत्र चालवणाऱ्या पेसमेकरसारखा) पर्याय असतो. म्हणून पेसमेकरचं कार्ड आणि पहिला इको रुग्णाने सोबत आणायलाच हवा.

ट्रायकस्पिड झडपेची (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची) गळती एकाच कोनातून पाहणं. लीडची सावली गळती झाकते. बरगडीखालून बघाच, चुलीच्या धुराने छाती खराब झालेल्या बायकांमध्ये बहुतेकदा तीच खिडकी स्वच्छ मिळते. गडचिरोली-मेळघाटाकडचा सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण असेल तर गळतीचं खापर लगेच लीडवर फोडू नका, फुप्फुसातला वाढलेला दाबही कारण असू शकतो.

लीडवरची चकाकी म्हणजे गाठ नव्हे. पण ताप असेल आणि लीडला चिकटून वेगळं हलणारं काही दिसलं, तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्या आणि अन्ननलिकेतून करायच्या इकोसाठी पाठवा. साधा इको स्वच्छ आला म्हणून संसर्ग नाही असं होत नाही.

नुकताच पेसमेकर बसवलेल्या रुग्णाचा डावा हात डोक्यामागे घेणं. कुशीवर वळवताना ही सवयच असते. पहिले ४ ते ६ आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नका, लीड सरकू शकते. इकोच्या लहरींनी मात्र पेसमेकरला काही होत नाही, हे घाबरलेल्या रुग्णाला आधीच सांगा.

याच दिवसांत धाप, चक्कर, बीपी पडणं असं काही असेल तर आधी हृदयाभोवती पाणी आहे का ते बघा. लीडने भिंत भेदलेली असू शकते, आणि भरभर साचलेलं थोडं पाणीही जीव घेतं. मोजमापं तिथेच सोडा, १०८ बोलवा.