छातीच्या फोटोवरून क्षयरोगाचा मागोवा कसा घ्यावा

क्षयरोगाचा जंतू एक्स-रेवर दिसत नाही. प्लेटवर उमटते ती त्या जंतूशी चाललेल्या झुंजीची खूण : सूज, द्रवाने भरलेले वायुकोश, आतून कुजून पोकळ झालेला भाग आणि नंतर मागे उरलेला व्रण. म्हणून निदानावर शिक्कामोर्तब करण्याचे काम थुंकीच्या तपासणीचेच, मग ती सूक्ष्मदर्शकाखाली होवो, सीबीनॅटवर होवो किंवा भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅटवर (ही दोन्ही जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रे). मात्र कोणाची थुंकी तपासावी आणि आजार किती पसरला आहे, हे फोटोइतके लवकर दुसरे काही सांगत नाही. भारतातील २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण हाती लागले नसते, कारण त्यांना लक्षणेच जाणवत नव्हती. नव्याने फोटो वाचू लागलेल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि संशोधनात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत येथे मांडली आहे.

आधी फोटो वाचण्यालायक आहे का ते पाहावे. रुग्ण उभा, छाती प्लेटला टेकलेली, क्ष-किरण पाठीकडून आणि नळी सुमारे १८० सेंटिमीटर अंतरावर, अशा रीतीने काढलेला फोटो सर्वांत विश्वासार्ह असतो. झोपवून समोरून काढलेल्या फोटोत हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. श्वास पूर्ण भरला असेल तर श्वासपटलाच्या वर पाठीकडच्या नऊ ते दहा बरगड्या मोजता येतात. त्या कमी भरल्या तर फुफ्फुसांचा तळ गढूळ दिसतो आणि नसलेला न्यूमोनिया दिसू लागतो. दोन्ही कॉलर बोनची आतली टोके मणक्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर नसतील, तर रुग्ण वळलेला होता असे समजावे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते. मानेवर राहिलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या शिखरावर अशी सावली टाकते की ती हुबेहूब क्षयाचा डाग वाटावी. वेणी वर बांधून आणि ताईत, मंगळसूत्र काढून ठेवून पुन्हा फोटो काढला की असा ‘डाग’ नाहीसा होतो. हे काम तंत्रज्ञाच्या खोलीत दोन मिनिटांचे असते, पण राहून गेले तर रुग्णाच्या मागे सीटी स्कॅनपर्यंतचा खर्च लागतो.

वाचन शिखरांपासून सुरू करावे. प्रौढांमधला क्षय बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या खंडाच्या शिखराकडील व मागच्या भागात आणि खालच्या खंडाच्या सर्वांत वरच्या भागात घर करतो, आणि नेमकी तीच जागा कॉलर बोन व पहिल्या बरगडीच्या आड दडलेली असते. उजवे आणि डावे शिखर शेजारी ठेवून, एकेका बरगडीच्या फटीतून तुलना करावी. संशय राहिलाच, तर रुग्णाला मागे झुकवून घेतलेल्या लॉर्डोटिक फोटोत कॉलर बोन वर सरकते आणि शिखर मोकळे होते. पोकळी दिसली तर तिची भिंत किती जाड आहे आणि भोवतीचे फुफ्फुस धूसर आहे का, हे नोंदवावे, कारण पोकळीतच जंतूंची संख्या सर्वाधिक असते आणि अशा रुग्णापासून संसर्गाचा धोकाही अधिक असतो. त्यानंतर हायलम (श्वासनलिका व रक्तवाहिन्या फुफ्फुसात शिरतात ती जागा), हृदयामागची जागा आणि शेवटी दोन्ही तळकोन, म्हणजे बरगड्या व श्वासपटल यांमधले तळाचे कोन, पाहावेत. उभ्याने पाठीकडून काढलेल्या फोटोत कोन बोथट व्हायला साधारण २०० मिलिलिटर पाणी साचावे लागते, त्याहून कमी पाणी सोनोग्राफीत सापडते. मुलांमध्ये पोकळी विरळा, सुजलेल्या लसिकाग्रंथी अधिक. एचआयव्ही बाधिताची प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, तर आजार खालच्या भागात असू शकतो किंवा फोटो अगदी स्वच्छही असू शकतो. तेथे स्वच्छ फोटोवर निर्धास्त होऊ नये.

आजार चालू आहे की जुना, हा प्रश्न एका फोटोवरून सोडवण्याचा मोह टाळावा. वर ओढला गेलेला हायलम, तंतुमय रेघा, कॅल्शियमचे ठिपके या जुन्या खुणा खऱ्या, परंतु त्यांच्या शेजारी नवा आजार असू शकतो. रुग्णाकडचा जुना फोटो, मग तो पिशवीत दुमडलेला का असेना, मागून घ्यावा. तोही नसेल तर थुंकी तपासावी. सीटी स्कॅन येथे उपयोगी पडतो : बारीक श्वासनलिकांत आजार पसरत असेल, तर पालवी फुटलेल्या फांदीसारखे चित्र दिसते आणि ते आजार चालू असल्याकडे बोट दाखवते. मात्र सीटीचा किरणोत्सार साध्या फोटोच्या कित्येक पटींनी जास्त असल्याने तो सरसकट सांगू नये.

संशोधनासाठी वर्णन पुरत नाही, आकडा लागतो. इंडोनेशियातील तिमिका येथील रुग्णांवरून २०१० मध्ये मांडलेली गुणपद्धत त्यासाठी सोपी आहे. फुफ्फुसांचा किती टक्के भाग बाधित आहे याचा नजरेने अंदाज घ्यावा आणि पोकळी असल्यास त्यात ४० मिळवावेत. म्हणजे ३० टक्के बाधित आणि एक पोकळी असेल तर ७०, आणि कमाल १४०. गुण देणारे दोघे असावेत, त्यांनी एकमेकांशी न बोलता आणि थुंकीचा अहवाल न पाहता गुण द्यावेत, मतभेद झाल्यास तिसऱ्याने पाहावे. मूळ डायकॉम फाइल (यंत्रातून निघणारी, तपशील न गमावलेली वैद्यकीय चित्राची फाइल) वापरावी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून मोठी पोकळी कळेल, बारीक दाणे कळणार नाहीत. चित्रावरच छापलेले रुग्णाचे नाव आधी पुसावे.

संगणकीय वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयोगटाच्या छाननीसाठी मान्यता दिली. अशी प्रणाली देते तो संशयाचा गुण. कितीच्या वर थुंकी तपासायची हा उंबरठा स्थानिक रुग्णांवर पडताळून ठरवावा, कारण जुने व्रण जास्त असलेल्या वस्तीत यंत्र विनाकारण घंटा वाजवत राहते.

उपचाराला प्रतिसाद मिळतो आहे का, हे पाहायचे असेल तर पेट-सीटीत, म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा माग काढणाऱ्या स्कॅनमध्ये, किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर देतात. सुजेतल्या पेशी ती भराभर शोषतात. किमान सहा तास उपाशी ठेवून, रक्तातील साखर तपासून, सुई दिल्यावर सुमारे एक तासाने स्कॅन घ्यावा. आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनमध्ये हा अवधी सारखा नसेल तर तुलना फोल ठरते. कर्करोगाची गाठही अशीच उजळते, त्यामुळे शंकेच्या जागी बायोप्सी टळत नाही. पूर्ण उपचारानंतर बऱ्या झालेल्या अनेकांच्या फुफ्फुसांत उजळ ठिपके राहतात, हेही दिसून आले आहे. केवळ तेवढ्यावरून औषधे लांबवू नयेत. औषधे संपतील त्या दिवशी छातीचा साधा फोटो मात्र काढावा आणि तो तारखेसह रुग्णाकडे द्यावा, म्हणजे पुढे खोकला उद्भवला तर तुलनेला आधार राहतो.