संवेगाची गणिते सोडवताना या चुका टाळा

संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, हे सूत्र नववीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. तरीही या घटकावरील गणिते चुकतात, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे संवेग ही सदिश राशी, म्हणजे परिमाणाबरोबर दिशाही असलेली राशी आहे, याचा आकडेमोडीच्या ओघात पडणारा विसर होय.

क्रिकेटचे उदाहरण घेऊ. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४४ किलोमीटर वेगाने फलंदाजाकडे येतो आणि बॅटला लागून ३० मीटर प्रतिसेकंद वेगाने त्याच रेषेत परत जातो. प्रथम एकके बदलावीत: वस्तुमान ०.१६ किलोग्रॅम, आणि १४४ ला ५/१८ ने गुणल्यावर वेग ४० मीटर प्रतिसेकंद. ही पायरी गाळून १६० गुणिले १४४ असा थेट गुणाकार केला, तर येणाऱ्या २३,०४० या संख्येचा किग्रॅ-मी/से या एककाशी काहीही संबंध उरत नाही. आता संवेगातील बदल काढायचा आहे. अनेक जण ४० मधून ३० वजा करून ०.१६ × १० = १.६ असे उत्तर लिहितात. परंतु येण्याची दिशा धन मानली, तर परतीचा वेग −३० होतो, म्हणून बदल ०.१६ × (−३० − ४०) = −११.२ किग्रॅ-मी/से इतका येतो. येथील ऋण चिन्ह बॅटने लावलेल्या बलाची दिशा दाखवते. ते अनावश्यक समजून खोडू नये. चेंडू नुसता थांबवायला ६.४ इतका बदल पुरतो. उलट फिरवायला त्याहून अधिक लागणारच, एवढा विचार केला तरी १.६ हे उत्तर अशक्य असल्याचे ध्यानात येते.

टकरीच्या गणितांत हीच चूक पुन्हा घडते. २ किलोग्रॅमची गाडी ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने उजवीकडे आणि १ किलोग्रॅमची गाडी ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने डावीकडे जात असताना समोरासमोर आदळून एकमेकींना चिकटल्या, तर टकरीपूर्वीचा एकूण संवेग ६ − ४ = २ टकरीनंतरही तितकाच राहतो आणि सामाईक वेग २/३, म्हणजे सुमारे ०.६७ मीटर प्रतिसेकंद, उजवीकडे. चिन्ह विसरल्यास वेग १०/३, म्हणजे ३.३३ येतो, म्हणजेच समोरून धडक बसूनही जड गाडीचा वेग वाढला, असा अर्थ निघतो. उत्तराखाली रेघ मारण्यापूर्वी अशी पडताळणी अवश्य करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याच टकरीत गतिज ऊर्जा १७ ज्यूलवरून सुमारे ०.६७ ज्यूलवर येते, कारण तिचा मोठा भाग उष्णता, ध्वनी आणि आकारबदल यांत जातो. त्यामुळे गतिज ऊर्जा अक्षय्य धरून अशा टकरीनंतरचा वेग काढणे चुकीचे ठरते. वेग परस्परांना लंब असतील, तर संवेगांची साधी बेरीज न करता पायथागोरसचे प्रमेय वापरावे: ३ आणि ४ यांची परिणामी राशी ५ असते.

संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत, म्हणजे बाहेरचे बल नसेल तर एकूण संवेग कायम राहतो हा नियम, वापरण्यापूर्वी, विचारात घेतलेल्या वस्तूंवर बाहेरचे बल कार्य करते का, हेही तपासावे. वरून पडणाऱ्या दगडाचा संवेग वाढतच जातो, कारण त्याच्यावर गुरुत्वबल कार्य करते. सिद्धांत तेथेही मोडत नाही: दगड आणि पृथ्वी यांचा एकत्र विचार केला की दगडाला मिळालेल्या संवेगाइतकाच विरुद्ध दिशेचा संवेग पृथ्वीला मिळालेला असतो; मात्र तिचे वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किलोग्रॅम असल्यामुळे तिच्या वेगातील बदल मोजता येण्यापलीकडे सूक्ष्म राहतो.