फोर्डसन मेजरची रेस हातात राहत नाही तेव्हा

आमचा फोर्डसन मेजर इंग्लंडातल्या डॅगनमच्या कारखान्यातला. वडिलांनी तो जुनाच घेतला होता, 1972 च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी. नांगरटीला आणि पेरणीला आता घरात नवा ट्रॅक्टर आहे, पण सेलूजवळच्या आमच्या शिवारात ज्वारीचं खळं आजही मेजरच्या पट्ट्यावरच होतं. चार सिलिंडर, 3.6 लिटरचं डिझेल इंजिन, मिनिटाला 1600 फेऱ्यांवर एकसुरात चालणारं. तो सूर बिघडला की मला घरात बसून कळतं.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मालदांडीची मळणी चालू असताना रेस एकाएकी चढली. हातरेस पूर्ण कमी केली, तरी इंजिन काळा धूर ओकत पळतच होतं. मळणीयंत्रावर कणसं लावणारा गडी उडी मारून बाजूला झाला. पुतण्यानं धावत जाऊन स्टॉपची दांडी ओढून धरली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरवून शहरातल्या एका पंपाच्या दुकानात नेला. त्यांनी तो खोलला, नवा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, घातला, मशीनवर लावून सेट केला, नवं सील मारलं. बिल मोठं झालं. आठ दिवसांत रेस पुन्हा तशीच चढली.

तेव्हा मानवतचे एक म्हातारे मिस्त्री आले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डपासून पंपाकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीवर अंगठा फिरवला, क्लिपेखाली थांबवला आणि म्हणाले, “बेटा, गव्हर्नर आधा इधर भी है.” गव्हर्नर म्हणजे इंजिनाची रेस आवरणारा भाग. क्लिपेखाली नळीला केसाएवढी चीर होती. पंप शहरात गेला तेव्हा नळी ट्रॅक्टरवरच राहिली होती.

ज्यांच्याकडे असा जुना मेजर आहे, त्यांनी पाना हातात घेण्याआधी हे समजून घ्यावं. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या गव्हर्नरात फिरणारी वजनं असतात. मेजरच्या सिम्स पंपावर ती नाहीत. याचा गव्हर्नर हवेवर चालतो. मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक अरुंद गळा आहे आणि त्यात बटरफ्लायची चकती. हातरेस थेट पंपाला जोडलेली नाही, ती ही चकती फिरवते. वाड्याच्या बोळातून वारा कसा जोरात वाहतो, तशी या गळ्यातून हवा वेगानं जाते आणि तिथं ओढ तयार होते. ती ओढ नळीतून पंपाच्या मागच्या बंद डबीत पोचते. डबीत डायफ्राम आहे, तो रॅकला, म्हणजे डिझेल कमीजास्त करणाऱ्या सरकत्या दांडीला, जोडलेला. स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलते, हवेची ओढ त्याला मागे खेचते. इंजिन जोरात फिरलं की ओढ वाढते आणि डिझेल कमी होतं. लोड आला, फेऱ्या पडल्या की ओढ सैल होते आणि स्प्रिंग जिंकते.

म्हणजे वाटेत कुठंही हवा शिरली, तर स्प्रिंगला अडवणारं कोणी उरत नाही. रॅक भरघोस डिझेल सोडत राहतो. हातरेस कमी केलेली असताना काळा धूर येतो तो याचमुळे: हवा बंद, डिझेल पूर्ण. माझ्या अनुभवात हवेच्या गळतीची याहून पक्की खूण नाही.

काम सुरू करण्याआधी एअर क्लीनरची होज मोकळी करून ठेवा आणि एक सपाट जाड फळी जवळ ठेवा. रेस आवरेनाशी झाली आणि स्टॉप ओढूनही इंजिन थांबलं नाही, तर फळीनं हवेचं तोंड झाकायचं. हाताचा तळवा लावू नका, आणि पोतं तर मुळीच नको, ते आत ओढलं जातं. स्टॉपला दाद न देता निळसर पांढरा धूर सोडत पळणारं इंजिन बहुधा ऑइल जाळत असतं, उदाहरणार्थ एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलेलं असेल तर. तो गव्हर्नरचा दोष नव्हे, पण थांबवायला फळीच लागते. काम करताना एक माणूस स्टॉपच्या दांडीपाशी उभाच हवा. उपरणं, ओढणी काढून ठेवा, फॅन तिथून जवळच आहे.

आता शोध. इंजिन बंद असताना नळी दोन्ही टोकांनी सोडवा. एक टोक अंगठ्यानं बंद करून दुसऱ्या टोकातून तोंडानं हवा ओढा आणि जिभेनं तोंड झाका. नळी जिभेला चिकटून राहिली तर शाबूत. जीभ लगेच सुटली तर चीर आहे. क्लिपेखाली, वाकणांवर आणि युनियनच्या, म्हणजे जोडाच्या नटाच्या, मानेशी आधी बघा, थरथरून तांबं तिथंच तुटतं. अशी नळी झाळून घेण्यापेक्षा नवी करावी, त्याच जाडीची. बारीक नळी लावली तर गव्हर्नर उशिरा जागा होतो. नळी निर्दोष निघाली तर ती परत बसवा, इंजिन स्लोवर, म्हणजे सगळ्यात कमी रेसवर, चालू करा आणि एकेका जोडावर बोटानं घट्ट ग्रीस थापा. ज्या जोडावर ग्रीस लागताच आवाज बदलतो, तिथून हवा शिरते आहे. साबणाचं पाणी इथं चालत नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते. बटरफ्लायच्या दांड्याच्या दोन्ही टोकांनाही ग्रीस लावून बघा. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीनं ती भोकं अंडाकृती होतात. तसं झालं असेल तर लेथवर बुश घालून घ्यावा लागतो.

मग डायफ्राम, तोही पंप न उतरवता. नळी पंपाकडून काढा. स्टॉपची दांडी ओढून रॅक पूर्ण मागे न्या. नळीचं भोक अंगठ्यानं घट्ट बंद करा आणि दांडी सोडा. रॅक थोडा पुढे येऊन अडकल्यासारखा थांबला तर डायफ्राम चांगला. हळूहळू किंवा भसकन पूर्ण पुढे आला तर फाटका, किंवा कडेनं हवा घेतोय. या परीक्षेला दोन मिनिटं लागतात. माझा पंप शहरात नेण्याआधी मी ती केली असती, तर तो फेरा आणि तो खर्च दोन्ही वाचले असते.

डायफ्राम काढायचाच ठरला तर पंपाचा तो भाग आधी डिझेल आणि ब्रशनं लख्ख करा. झाकणाचे स्क्रू एकाच वेळी सगळे सोडू नका, आत स्प्रिंग दाबलेली आहे. स्प्रिंगमागे पातळ चकत्या असल्या तर त्या जशाच्या तशा, त्याच क्रमानं पांढऱ्या कापडावर मांडा. एक चकती हरवली की सेटिंग गेलं. डायफ्राम रॅकपासून सोडवताना त्याची कोणती बाजू वर होती हे चुन्यानं टिपून ठेवा. मग तो उन्हासमोर धरा. उजेडाचा बारीक टिपकाही दिसला तर बदला.

जुने डायफ्राम चामड्याचे. मे महिन्याच्या उन्हात शेडमधलं चामडं वाळून कडक होतं, फाटलेलं नसलं तरी लवत नाही, आणि मग स्लोवर इंजिन झोके घेतं. वडिलांना हे सांगावं लागलं नव्हतं. मोटेची सोंड वाळली की विहिरीचं पाणी वाटेतच सांडतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मोटेला ते एरंडेल चोळायचे. डायफ्रामला मात्र एरंडेल लावू नका, दाट असल्यानं त्यावर धूळ धरते. पंपवाल्यांकडे डायफ्रामचं वेगळं पातळ तेल मिळतं, ते बोटानं दोन्ही बाजूंना चोळा आणि रात्रभर मुरू द्या.

डायफ्राम बाहेर असतानाच रॅक बोटानं पुढेमागे सरकवून बघा. तो लोण्यासारखा सरकायला हवा. वर्षभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरात जुनं डिझेल चिकट होऊन रॅक अडकतो. स्वच्छ डिझेल सोडून हलक्या हातानं चाळवा. पॉलिश पेपर लावायचा नाही. तरीही अडकला, तर मात्र पंप खरोखर दुकानात न्यायची वेळ आहे, आणि नेताना नळीही बरोबर न्या.

झाकण बसवताना डायफ्रामच्या कडेला चुणी राहू देऊ नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मग अंगठ्याची परीक्षा पुन्हा एकदा, आणि त्यानंतरच स्टार्टर.

रेस पळत नाही पण स्लोवर वरखाली होते, अशी तक्रार असेल तर वरचं सगळं तपासण्याआधी डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढून घ्या, फिल्टर बघा. अर्ध्या वेळा दोष तिथंच असतो. आणि लोडखाली दम लागत असेल तर पहिलं एअर क्लीनर. मळणीच्या एका दिवसात भुसा आणि धूळ त्याची वाटी चिखलानं भरते. हवा कोंडली की गळ्यात नको तेवढी ओढ तयार होते, डायफ्रामला वाटतं इंजिन पळतंय, आणि तो डिझेल तोडतो. अशा वेळी लोक डिझेलच्या स्क्रूचं सील फोडून डिझेल वाढवतात. कृपा करून ते करू नका. वाटी धुऊन, खुणेपर्यंत नवं ऑइल भरून आधी चालवून बघा.

कमाल रेसच्या स्क्रूलाही मी हात लावत नाही. स्लोचा स्क्रू तेवढा आपला, तोही इंजिन चांगलं तापल्यावर फिरवायचा. मग हातरेस पूर्ण वाढवून क्रँकच्या पुलीवर टॅकोमीटर लावायचा. नळी बदलल्यानंतर चाचांनी तो लावला, आकडा वाचला आणि पट्टा चढवायला सांगितलं. पहिली पेंढी यंत्रात गेली, आवाज क्षणभर खाली बसला आणि लगेच वर आला. चाचा उठले, हात पुसले आणि चहा मागितला.